ग्राउलरमधून ताजी बिअर घरी नेताना: टॅपपासून बाटली धुण्यापर्यंत

पुण्यात डूलाली या मायक्रोब्रुअरीने (बिअर तिथल्या तिथे बनवून विकणारी छोटी ब्रुअरी) २००९ साली कोरिंथियन्स क्लबात टॅप, म्हणजे बिअरचे नळ, सुरू केले आणि ऑलिव्हर शाउफ या जर्मन ब्रूमास्टरच्या हातची गव्हाची बिअर पुणेकरांना मिळू लागली, तेव्हा ती प्यायची तर तिथे जाऊनच प्यावी लागे. पुढे मुंढव्यात इंडिपेंडन्स आली, कोरेगाव पार्कात एफिंगट आली, ग्रेट स्टेट एलवर्क्सने कोकम आणि मीठ घातलेली एल प्रकारची बिअर काढली. २०२० च्या लॉकडाउनमध्ये राज्य सरकारने मायक्रोब्रुअरींना ताजी बिअर बाटलीत भरून विकायची मुभा दिली आणि ग्राउलर, म्हणजे टॅपवरून ताजी बिअर भरून न्यायची घट्ट झाकणाची बाटली, हा प्रकार घराघरांतल्या फ्रिजपर्यंत पोचला.

तेव्हापासून एक तक्रार सतत ऐकू येते. टॅपरूममध्ये शुक्रवारी रात्री झकास लागलेली हेफेवाइझन (जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर) रविवारी दुपारी घरी उघडली तर फिकी आणि गॅस गेलेली निघते, आणि बोल ब्रुअरीला लागतो. बहुतेक वेळा ब्रुअरीचा काही दोष नसतो. बिअर वाटेत तापलेली असते, अर्धी बाटली परत फ्रिजात गेलेली असते, नाहीतर ग्लास तेलकट असतो. हे सगळं टाळता येतं आणि त्याला फारसा खर्चही येत नाही.

मायक्रोब्रुअरीतली बिअर पाश्चराइज केलेली नसते, बहुतेकदा गाळलेलीही नसते. तिच्यात जिवंत यीस्ट असतं, प्रथिनं असतात, हॉप्सची, म्हणजे बिअरला कडूपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांची, उडून जाणारी तेलं असतात. दुकानातल्या सहा महिने टिकणाऱ्या बाटलीचा हिशोब तिला लावू नका. दुधाच्या पिशवीची जितकी काळजी घेता तितकी हिचीही घ्या.

टॅपवर: काय विचारायचं, काय बघायचं

भरून घेण्याआधी नेहमी चव मागा. ३०-४० मिली पुरतात आणि कोणताही बरा टॅपरूम ती आनंदाने देतो. गाडी चालवणाऱ्याने मात्र हे काम सोबत्यावर सोपवावं. चव घेताना दोन प्रश्न विचारा: ही बिअर टॅपवर कधी लागली, आणि लाइन कधी धुतली?

दुसरा प्रश्न विचारायला लोक बिचकतात. बिचकू नका. टाकीपासून नळापर्यंतच्या नळ्यांत यीस्ट, प्रथिनं आणि बिअरस्टोन नावाचा खनिज थर साचतो, आणि त्यात लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू घर करतात. म्हणून दर दोन आठवड्यांनी कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने लाइन धुवावी आणि साधारण तीन महिन्यांनी आम्लाने खनिजाचा थर काढावा, हा जगभरातल्या ब्रुअरींचा शिरस्ता आहे. ज्याने लाइन वेळेवर धुतली आहे तो लगेच सांगतो.

वेळही बघून जा. रात्रभर नळीत उभी राहिलेली बिअर सकाळच्या पहिल्या ग्लासात येते. ड्राय डेच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ३ ऑक्टोबरला किंवा अनंत चतुर्दशी झाल्यावर, दुकान उघडल्या उघडल्या ग्राउलर भरायला जाऊ नका. संध्याकाळी जा. तोवर नळीतली शिळी बिअर निघून गेलेली असते आणि खप चालू असतो.

नेण्यासाठी बिअर कोणती निवडावी? आज रात्रीच प्यायची असेल तर काहीही चालेल. दोन-तीन दिवसांनी पाहुणे यायचे असतील तर आयपीए (इंडिया पेल एल, हॉप्सचा जोर असलेली कडू बिअर) आणि त्यातही भरपूर ड्राय हॉप घातलेली, म्हणजे सुगंधासाठी उकळल्यानंतर हॉप्स घातलेली, गढूळ आयपीए टाळा. हॉप्सचा सुगंध ऑक्सिजनपुढे सगळ्यात आधी हार मानतो. दोन दिवसांत आंब्या-संत्र्याचा वास विरतो, रंग किंचित गडद होतो आणि मागे नुसता कडूपणा उरतो. स्टाउट आणि पोर्टर या काळपट बिअर, बेल्जियन पद्धतीच्या तगड्या एल हा प्रवास बऱ्यापैकी सोसतात. कोकम घातलेल्या आंबट बिअरही टिकाऊ निघतात, कारण त्यांची चव आम्ल आणि मीठ यांवर उभी असते. गव्हाची बिअर मधली म्हणायची. चव टिकते, पण तिच्यात गॅस जास्त असतो, त्यामुळे भरताना फेस फार येतो आणि भरणाऱ्याचा हात घाईचा असेल तर निम्मी मजा तिथेच जाते.

भरण्याची रीत

हा भाग नीट बघा, कारण बाटली किती दिवस टिकणार हे इथेच ठरतं.

बाटली आधी थंड असावी. कोमट काचेत बिअर पडली की गॅस सुटतो आणि फेसाचा डोंगर होतो. घरून बाटली नेणार असाल आणि टॅपरूम ती स्वीकारत असेल, तर नेण्याआधी दोन तास फ्रिजमध्ये ठेवा आणि आतून थंड पाण्याने ओली करून न्या.

नळाच्या तोंडाला लवचीक नळी लावून ती बाटलीच्या तळापर्यंत गेली पाहिजे. बिअर तळातून वर चढते, खळखळत नाही, हवा कमी मिसळते. नळाखाली बाटली तिरपी धरून वरून भरणं म्हणजे बिअरमध्ये ऑक्सिजन घुसळणं. अशी भरलेली बाटली त्याच रात्री संपवा. काही ठिकाणी भरण्याआधी बाटलीत कार्बन डायऑक्साइड सोडून आतली हवा बाहेर काढतात, त्याने फरक पडतो. सगळ्यात चांगलं काउंटर-प्रेशरचं यंत्र: बाटलीत आधी दाब तयार करून मग बिअर सोडतात. अशी बाटली न उघडता थंड ठेवली तर दोन आठवडेही चांगली राहू शकते. साध्या नळीने भरलेलीला दोन ते तीन दिवस धरा.

शेवटची गोष्ट झाकणाची. फेस बाटलीच्या तोंडाशी आल्यावर, तो थोडा बाहेर सांडत असताना झाकण लावायचं. फेसात कार्बन डायऑक्साइड असतो, त्यामुळे झाकणाखाली हवेला जागा उरत नाही. फेस खाली बसेपर्यंत थांबून, टापटिपीने पुसून मग झाकण लावणारा माणूस नकळत तुमच्या बिअरवर हवेचा थर ठेवत असतो. नम्रपणे सांगा: फेसावरच लावा.

तरीही बाटली अगदी काठोकाठ द्रवाने भरू नये. फेस बसल्यावर मानेत साधारण ५ टक्के जागा दिसली पाहिजे. बिअर तापली की प्रसरण पावते आणि तिला जायला जागा नसेल तर काच किंवा झाकण जातं.

तारीख आणि बिअरचं नाव चिकटपट्टीवर लिहून बाटलीला लावा. फ्रिजात तीन सारख्या बाटल्या झाल्या की याचं महत्त्व कळतं.

एक लिटर की दोन लिटर?

आमचं मत स्पष्ट आहे: दोन लिटरच्या एका बाटलीपेक्षा एक लिटरच्या दोन घ्या, थोडे जास्त पैसे पडले तरी.

याला कारण गॅसचा हिशोब. टॅपवरच्या साधारण एलमध्ये दर लिटरला सुमारे २.५ लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, गव्हाच्या बिअरमध्ये ३ लिटर किंवा थोडा जास्त. दोन लिटरची बाटली उघडली, एक लिटर प्यायलात आणि झाकण लावून ठेवली, तर आता बिअरच्या डोक्यावर एक लिटर रिकामी जागा आहे. बिअरमधला गॅस ती जागा भरायला बाहेर पडत राहतो, दोन्हीकडचा दाब जुळेपर्यंत. ४ अंशांना हा समतोल येईपर्यंत बिअरमधला गॅस २.५ वरून जेमतेम १.५ वर येतो. झाकण कितीही घट्ट लावा, हे थांबत नाही, कारण गळती बाहेर होतच नाही, ती आतल्या आत होते. दुसऱ्या दिवशी ती बिअर बसलेल्या सोड्यासारखी लागणारच.

प्लॅस्टिकची बाटली दाबून हवा काढून झाकण लावायची युक्ती पुष्कळ जण करतात. त्याने ऑक्सिजन कमी होतो, चव थोडी वाचते, पण गॅस वाचत नाही. गॅस सुटून बाटली पुन्हा फुगते एवढंच.

बाटली कशाची असावी? काळपट तपकिरी काच उत्तम. स्टीलची, दुहेरी भिंतीची आणि दाब सहन करणारं झाकण असलेली बाटली प्रवासाला सगळ्यात चांगली. पाण्याची साधी थर्मास बाटली मात्र वापरू नका, तिचं झाकण या दाबासाठी केलेलं नसतं. प्लॅस्टिकची पेट बाटली हलकी आणि फुटायला सुरक्षित, पण तिच्या भिंतीतून ऑक्सिजन हळूहळू आत येतो. दोन दिवसांत संपणार असेल तर पेटमध्ये काही गैर नाही. पारदर्शक काच टाळा, आणि टाळता येत नसेल तर बाटली जाड कापडात गुंडाळा.

वाटेत

४ अंशांना ठेवलेल्या बाटलीत आतला दाब हवेच्या दाबापेक्षा साधारण ०.८ बार जास्त असतो. तीच बाटली ३० अंशांना गेली की तो २.५ बारच्या आसपास, म्हणजे तिप्पट होतो. एप्रिलमध्ये हडपसरच्या सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत तर ३० अंशांहून कितीतरी जास्त तापतं. पातळ काचेचा ग्राउलर तिथे फुटू शकतो. फुटला नाही तरी झाकणातून गॅस निसटतो.

शहरातल्या अर्ध्या-पाऊण तासासाठी जाड पिशवी आणि दोन बर्फाचे पॅक पुरतात. पुण्याहून मुंबई, म्हणजे दीडशे किलोमीटर आणि तीन-चार तास, यासाठी डबा लागतो. महागडा कूलर नसला तर मासळीवाले वापरतात तो थर्माकोलचा झाकणाचा डबा उत्तम काम करतो. २०-२५ लिटरच्या डब्यात एक लिटरच्या चार बाटल्या उभ्या ठेवा, ४-५ किलो बर्फ घाला आणि त्यावर दीड-दोन लिटर थंड पाणी ओता. पाणी घालायला लोक नाखूष असतात, पण नुसत्या बर्फाचे खडे बाटलीला चार ठिकाणी टेकतात आणि मधे हवा राहते. पाणी असलं की बाटली चहूबाजूंनी ० अंशांच्या पाण्यात उभी राहते. मीठ टाकू नका. मिठाने पाण्याचं तापमान शून्याच्या खाली जातं, आणि ५ टक्के मद्यार्काची बिअर उणे २-३ अंशांना गोठायला लागते. त्याच कारणाने घाईत फ्रीझरमध्ये ठेवणंही नको. कोमट झालेली बाटली गार करायची तर बर्फ-पाण्याच्या बादलीत अर्धा तास ठेवा. फ्रिजमध्ये तेवढ्याच कामाला पाच-सहा तास जातात.

बाटल्या उभ्याच ठेवा. आडव्या ठेवल्या की झाकणाच्या रबराला बिअर लागत राहते आणि हवेशी तिचा संपर्क वाढतो.

उन्हाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण त्याचं नुकसान सगळ्यात वेगाने होतं. हॉप्समधली कडू द्रव्यं आणि बिअरमधलं रायबोफ्लेविन (बी-२ जीवनसत्त्व) यांच्यावर प्रकाश पडला की एक गंधकयुक्त संयुग तयार होतं. त्याचा वास जळक्या रबरासारखा, उग्र. अतिसूक्ष्म प्रमाणातही तो नाकाला कळतो. पारदर्शक ग्लासातली बिअर गच्चीवर थेट उन्हात ठेवली तर काही मिनिटांत हा वास येतो. एकदा आला की जात नाही.

एक समज इथेच दूर करू. थंड झालेली बिअर एकदा गरम झाली की खलास, असं म्हणतात. तसं नसतं. गार-गरम होण्याच्या एका फेऱ्याने फारसं काही होत नाही. गरम किती वेळ राहिली हे महत्त्वाचं. बाटलीबंद बिअरसाठी ब्रुअर मंडळींचा एक ठोकताळा आहे: ३२ अंशांना ३ दिवस, २२ अंशांना ३० दिवस आणि ३ अंशांना ३०० दिवस यांत बिअर सारखीच म्हातारी होते. तासभर कोमट झालेली बाटली लगेच गार करा आणि निर्धास्त प्या. मे महिन्यात दोन दिवस ओट्यावर राहिलेलीचं काही होऊ शकत नाही.

कायद्याचं थोडक्यात: महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ पूर्ण हवं आणि मद्यसेवनाचा परवाना लागतो. गोव्यात वयाची अट १८ आहे. परवानगीशिवाय गोव्याची बिअर सीमेपलीकडे आणली तर राज्य उत्पादन शुल्क विभाग कारवाई करतो. सुसेगादो, एट फिंगर एडी किंवा बीच शॅक या गोव्यातल्या बिअर प्यायच्या तर तिथेच प्या, आणि विकत घेताना कॅनवरची तारीख बघा. आयपीएचा कॅन तीन महिन्यांच्या आतला असावा. वर सहा महिन्यांची मुदत छापली असली तरी आयपीएतला हॉप्सचा ताजेपणा तेवढा टिकत नाही.

फ्रिजमध्ये

सगळ्यात खालच्या फळीवर, मागच्या बाजूला, उभी. दारात नको. दार दिवसातून तीस-चाळीस वेळा उघडतं, प्रत्येक वेळी बाटली हलते आणि तापते.

घरी आणल्यावर लगेच उघडू नका. प्रवासात हिंदकळलेल्या बिअरमध्ये बारीक बुडबुडे अडकलेले असतात आणि झाकण उघडताच ते सगळा गॅस सोबत घेऊन वर येतात. दोन-तीन तास स्थिर राहू द्या.

ग्लास: इथे सगळ्यात जास्त चुका होतात

बिअरचा फेस हा प्रथिनं आणि हॉप्समधली कडू द्रव्यं यांची नाजूक जाळी असते. तेलाचा किंवा साबणाचा अगदी पातळ थरही ही जाळी तोडतो. आपल्या घरात ज्या ग्लासातून ताक, दूध, मिल्कशेक प्यायले जातात, जे ग्लास खरकट्या कढयांबरोबर त्याच घासणीने घासले जातात, त्यात फेस टिकेल कसा? बिअरचे ग्लास वेगळे ठेवा, त्यांची घासणी वेगळी ठेवा.

ग्लास स्वच्छ आहे का, हे तपासायला सोपी कसोटी आहे. ग्लास आतून ओला करा, पाणी ओतून टाका आणि आत चिमूटभर बारीक मीठ भुरभुरवा. स्वच्छ काचेवर मीठ सगळीकडे सारखं चिकटतं. जिथे तेलकट डाग असेल तिथे ते चिकटत नाही, मोकळी जागा स्पष्ट दिसते. दुसरी खूण बिअर ओतल्यावर दिसते: ग्लासाच्या भिंतीला ठिकठिकाणी बुडबुडे चिकटून बसले असतील तर तिथे मळ आहे. स्वच्छ ग्लासात बुडबुडे तळातून सरळ वर जातात आणि प्रत्येक घोटानंतर फेसाचं एक वळं काचेवर मागे राहतं.

धुण्यासाठी कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा, हाताने किंवा वेगळ्या ब्रशने घासणं, मग भरपूर साध्या पाण्याने खळबळणं. फडक्याने पुसू नका, फडक्याचे धागे आणि त्यातला तेलकटपणा आत जातो. जाळीवर उपडा ठेवून वाळू द्या. ताटावर किंवा ओट्यावर उपडा ठेवला तर आत दमट वास कोंडतो. आणि ओतण्याच्या आधी ग्लास थंड पाण्याने आतून ओला करून घ्या.

बर्फ जमलेला ग्लास दिसायला देखणा असतो, पण बिअरला वाईट. बर्फाच्या खडबडीत पृष्ठभागावर गॅस सुटतो, फेस उसळतो, नंतर तेच बर्फ वितळून बिअर पातळ करतं, आणि १-२ अंशांना जिभेला चवच कळत नाही. पिल्सनर आणि लागर ४ ते ६ अंशांना, गव्हाच्या बिअर ५ ते ८ ला, पेल एल आणि आयपीए ७ ते १० ला, स्टाउट आणि पोर्टर १० ते १३ ला सगळ्यात छान लागतात. फ्रिज ४ अंशांना असेल तर लागर थेट काढा. आयपीए काढून दहा मिनिटं, स्टाउट वीस-पंचवीस मिनिटं थांबा. ऐन उन्हाळ्यात हा वेळ निम्मा करा. ३५ अंशांच्या खोलीत मोठा ग्लास अर्ध्यावर येईपर्यंत कोमट होतो, म्हणून एका वेळी २०० मिलीच ओता आणि बाटली फ्रिजात परत ठेवा.

ओतताना ग्लास ४५ अंशांत तिरपा धरा, बिअर भिंतीवरून सोडा, अर्धा भरला की हळूहळू सरळ करा आणि शेवटचा भाग मधोमध ओता म्हणजे दोन-तीन सेंटिमीटर फेस येईल. फेस नको म्हणून सगळी बिअर भिंतीवरून ओतणारे बरेच आहेत. त्यांच्या बिअरमधला जादा गॅस पोटात जाऊन सुटतो, आणि फेसातून वर येणारा सुगंध नाकाला मिळतच नाही.

गव्हाच्या बिअरचं यीस्ट फ्रिजमध्ये तळाशी बसतं. उघडण्याआधी बाटली आडवी धरून दोन्ही तळव्यांत हळू फिरवा, चार-पाच वेळा, बस्स. हलवू नका. यीस्ट सगळीकडे सारखं पसरलं की पहिल्या आणि शेवटच्या ग्लासाची चव एकच लागते. नाहीतर पहिला ग्लास पाणचट आणि शेवटचा चिखलासारखा होतो.

सोबत काय खाता त्याचाही परिणाम होतो. तेलकट फरसाण किंवा वेफर्स खाऊन ओठ टेकवले की फेस डोळ्यांदेखत विरतो. भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे बरे. कडू आयपीएबरोबर झणझणीत ठेचा किंवा तिखट रस्सा घेतला तर तिखटपणा आणि कडूपणा दोन्ही भडकतात. त्या जेवणाला गव्हाची बिअर लावा. बोंबील फ्राय किंवा सुरमईबरोबर कोकमची आंबट बिअर म्हणजे सुख आहे.

चव बिघडलेली वाटली तर

आधी काय दोष नाही ते बघू. हेफेवाइझनमध्ये केळ्याचा आणि लवंगेचा वास हा तिच्या यीस्टचाच गुण. बेल्जियन विट या गव्हाच्या बिअरमध्ये संत्र्याची साल आणि धणे घातलेलेच असतात. गढूळपणा या दोन्हींत हवाच. स्वच्छ पिल्सनर खूप गार केल्यावर धुरकट झाली आणि थोडी कोमट झाल्यावर पुन्हा निवळली, तर तेही ठीक, ती प्रथिनांची किमया आहे. कोमट होऊनही गढूळ राहिली आणि आंबट लागली तर मात्र जिवाणू शिरले आहेत.

ओल्या पुठ्ठ्याची किंवा जुन्या वहीची चव: ऑक्सिजन. बाटली वरून भरली गेली, झाकण सैल होतं किंवा दिवस जास्त झाले.

व्हिनेगरचा आंबटपणा: अ‍ॅसेटिक जिवाणू, त्यांना हवा लागते. घरी उघडून ठेवलेल्या बाटलीत होऊ शकतं. टॅपवरच तसं लागलं तर नळाचं तोंड घाण आहे, भरून घेऊच नका.

लोणी किंवा पॉपकॉर्नचा वास, जिभेवर निसरडा थर: डायअ‍ॅसिटिल. किण्वन होताना यीस्ट हे तयार होऊ देतं आणि पुरेसे दिवस मिळाले तर स्वतःच पुन्हा खाऊन टाकतं. टाकी रिकामी करायची घाई झाली की ते मागे राहतं. घाण लाइनमधल्या जिवाणूंमुळेही येतं. टॅपवर ते नव्हतं आणि घरी दोन दिवसांनी जाणवू लागलं, तर बिअर कच्ची निघाल्याचा संशय घ्या. ब्रुअर यासाठी एक साधी चाचणी करतात आणि ती घरी जमते: दोन लहान बरण्यांत ५०-५० मिली बिअर घ्या, झाकणं लावा, एक फ्रिजात ठेवा, दुसरी ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास. दुसरी गार करून दोन्ही हुंगा. गरम केलेलीतच लोणी आलं, तर डायअ‍ॅसिटिलचं मूळ द्रव्य बिअरमध्ये शिल्लक होतं आणि ती अजून काही दिवस टाकीत राहायला हवी होती.

हिरव्या सफरचंदाचा वास: अ‍ॅसिटाल्डिहाइड, पुन्हा कच्ची बिअर. उकडलेल्या मक्याचा किंवा कोबीचा वास: डीएमएस (डायमिथाइल सल्फाइड), फिकट माल्टमधून (मोड आणून वाळवलेल्या धान्यातून) येतो आणि वर्ट, म्हणजे माल्टचा गोड काढा, मोकळ्या भांड्यात तास-दीड तास खळखळून उकळलं नाही तर राहतो.

दवाखान्याचा, औषधी पट्टीचा वास आला तर पहिला संशय स्वतःच्या बाटलीवर घ्या. क्लोरीनचं ब्लीच वापरून बाटली धुतली आणि नीट खळबळली नाही, तर क्लोरीन आणि बिअरमधली फिनॉल द्रव्यं मिळून क्लोरोफिनॉल होतं. थेंबभर ब्लीचही पुरतं.

ब्रुअरीला कळवायचं असेल तर त्याच दिवशी कळवा. बिअरचं नाव, भरल्याची तारीख आणि वेळ, बाटली कुणाची, वाटेत किती तास लागले हे सांगा आणि चव कशी लागली ते नेमक्या शब्दांत सांगा. नुसतं बेकार होती म्हटलं तर ब्रुअरला काहीच शोधता येत नाही. लोण्याचा वास होता म्हटलं तर तो थेट टाकीकडे जातो.

बाटली धुणं

शेवटचा ग्लास ओतला की लगेच. बिअर वाळली की आत चिकट थर बसतो आणि पुढच्या भरण्यात जिवाणूंना तोच लागतो. कोमट पाण्याने तीनदा खळबळा, साबण नको. गार काचेत उकळतं पाणी ओतू नका, तडा जातो.

थर बसलाच असेल तर ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, लिटरला ५ ग्रॅम, ५० अंशांच्या पाण्यात विरघळवून अर्धा तास भरून ठेवा. या काळात झाकण लावू नका, आत वायू तयार होतो. मग चार-पाच पाण्यांनी धुवा. अरुंद मानेच्या बाटलीत ब्रश जात नसेल तर मूठभर कच्चे तांदूळ आणि थोडं पाणी घालून जोरात गोल फिरवा, तांदूळ थर खरवडून काढतात. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडले असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घालून पंधरा मिनिटं ठेवा, पुन्हा स्वच्छ धुवा.

झाकण आणि रबरी वायसर वेगळे काढून धुवा. वायसरच्या खाचेत काळी बुरशी धरते आणि ती कुणाच्या लक्षात येत नाही. बाटली उपडी, झाकण काढून वाळवा, आणि ठेवतानाही झाकण घट्ट लावू नका. वायसर कडक झाला, चपटा झाला किंवा त्याला बिअरचा वास धरला की बदला. बदलल्यावर बाटली पाण्याने अर्धी भरून, झाकण लावून, उलटी करून दहा मिनिटं कोरड्या कागदावर ठेवा. कागद कोरडा राहिला तरच बाटली टॅपवर न्या.